शंभरात चार

सोहारच्या शाळेतल्या समुपदेशक बाईंनी
कागदावर पेन्सिलीनं लिहिलं : चार टक्के.
मग आमच्या तोंडांकडे बघून
खाली बारीक अक्षरात : कदाचित तीन.

मी गेज तपासणारा माणूस.
बावीस वर्षं बंदरापलीकडच्या त्याच प्लांटवर
काटा शून्यावर आणायचा, दाब द्यायचा,
किती चुकतो ते वहीत उतरवायचं.
चार टक्के चुकणारा गेज
मी सरळ भंगारात टाकतो.
हे बाईंना सांगितलं नाही.
थँक यू मॅडम म्हटलं,
आणि गाडीत एसी लावून आम्ही दोघं
पाच मिनिटं नुसते बसून राहिलो.

फॉर्ममध्ये जन्म : सोहार. नागरिकत्व : भारत.
भारतात किती राहिलीस ह्यावर
तस्नीमनं बोटं मोडली,
हर्णैच्या सुट्ट्या, मावशीचं लग्न, दादांची मय्यत,
"अब्बा, सगळं धरून चौदा महिने."

गावाच्या रकान्यापाशी मात्र ती अडली.
हर्णै लिही, मी म्हटलं.
"तिथल्या शाळेचं नावही मला माहीत नाही."
मग सोहार लिही.
"गाव असं दोन-दोन वर्षांनी रिन्यू करावं लागतं का?"
मी चहा करायला उठलो.

त्याच्या खाली : आर्थिक मदत लागेल?
बाई म्हणाल्या होत्या, बाहेरच्या मुलांनी हो म्हटलं
की चाराचे दोन होतात.
मी वही काढली.
ग्रॅच्युइटी, हर्णैतली तीन गुंठे जागा,
रुबिनाच्या पाटल्या (तिला न विचारता मांडल्या).
पहिलं वर्ष निघत होतं.
दुसरं सप्टेंबरात संपत होतं.
म्हटलं, नाही वर टिक कर, पुढचं बघू.

तिनं वहीतले आकडे वाचले, पाटल्यांसकट.
म्हणाली, "काटा बोटानं दाबून शून्य दाखवायचा, अब्बा?"
आणि हो वर टिक केली.

निबंध तिनं मला दाखवला नाही.
एवढंच कळलं, की त्यात सुरमईचा भाव होता,
आणि दर शुक्रवारी मासळीबाजारात
अरबीत घासाघीस, मल्याळममध्ये लाडीगोडी,
नि पिशवी धरून मागं उभा बाप,
जो मराठीत पुटपुटतो : महाग आहे, चल.

रात्रपाळीला पाइपांच्या जंगलात फिरताना
एकदा मला सुचलं :
शंभरात चार वेळा गळेल असा व्हॉल्व्ह असेल
तर आम्ही अख्खा प्लांट बंद करतो.
भोंगे वाजतात, माणसं पळतात,
मस्कतहून साहेब येतात.
म्हणजे चार काही कमी नसतात.
दोनसुद्धा.
हे मी फोरमन सुब्रमणीला सांगितलं.
तो म्हणाला, खतीबभाई, झोप घ्या.

निकालाची वेळ त्यांच्याकडची संध्याकाळ,
आमच्याकडे रमजानातली पहाटेची तीन.
रुबिनानं तव्यावर भाकरी टाकली.
कालवण गरम झालं.
ताटाशेजारी फोन पालथा.
तीन वाजून दोन. तीन वाजून चार.
"आधी खा," रुबिना म्हणाली,
"जे असेल ते असेल, रोजा उपाशी धरायचा नाही."

तस्नीमनं भाकरीचा तुकडा मोडला,
कालवणात बुडवला, खाल्ला.
दुसरा मोडला.
मग डाव्या हातानं फोन उलटा केला.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही.
बाटली उचलली,
आणि तिन्ही ग्लासांत पाणी ओतलं,
डोळ्यांच्या उंचीवर धरून बघत,
एकाच रेषेपर्यंत.