तोलणार

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
एकोणीस वर्षं मी काट्यावर आहे.
मला विचारा, माणूस मापात कसा मारतो:
पारड्याखाली चिकटवलेला चुंबक,
मुद्दाम भिजवलेलं बारदान,
नाहीतर बोलता बोलता सहज टेकलेला अंगठा.
गोणी टेकल्याच्या आवाजावरून सांगतो मी
कोण खोटं बोलतोय.

स्वतःचा अंगठा दिसायला मात्र
एकाहत्तर दिवस लागले.

कोथिंबीर आणायला मी
कोपरखैरण्याच्या नाक्याला वळसा घालून जातो.
कोथिंबीर आमच्या जिन्याखालीच मिळते.
नाक्यावर बारचं शटर अर्धं वर,
आत हिरवा बल्ब.
मी तिकडे बघत नाही.
बघत नाही ना, हे मात्र
चार-चार वेळा बघतो.

मग वरणात मीठ कमी.
मीठ बरोबर होतं, मला माहीत होतं.
पण कुंदा उलटून बोलली असती
तर ताट सरकवून उठता आलं असतं,
चपला घालता आल्या असत्या,
आणि पुढचं सगळं तिच्या खात्यावर मांडता आलं असतं.
तिने फक्त मिठाची बरणी पुढे केली.
इतका राग आला मला
त्या बरणीचा.

वाईट दिवस निभावतात.
बरा दिवस आला की पोटात खड्डा पडतो.
तृप्तीला बेलापूरला नोकरी लागली,
त्याच आठवड्यात तोलाईचा थकलेला फरक हातात आला,
आणि मी पेढ्यांच्या दुकानापुढे उभा, घामाघूम:
एवढं आपल्याला कसं पचणार,
मोडून टाकू एकदाचं.
मोडलेल्यात मला राहता येतं.
तिथला पत्ता पाठ आहे.

गुरुवारी पालिकेच्या शाळेत
तिसरीच्या बाकांवर गुडघे मुडपून आम्ही बसतो.
भिंतीवर सातचा पाढा.
मी मिठाचं सांगितलं, नाक्याचं सांगितलं.
दिवाळे गावचे मढवीकाका बशीत चहा ओतत म्हणाले,
"तू पीत नाय रं बाला,
पन पिवाची तयारी काय सोरली नाय."
कुणी हसलं नाही.
सगळे आपापल्या बशीत बघत राहिले.

त्या रात्री माळ्याकडे बोट करून मी म्हणालो,
"वर तिसऱ्या बारदानाखाली संत्र्याची एक चपटी आहे.
ठेवली नव्हती. टाकायची राहिली होती."
अंगठा.
"ठेवली होती," म्हणालो.

कुंदा भाकरी थापत होती. हात थांबला नाही.
"ठावं हाय," म्हणाली.
"वतून दिली म्या. नळाचं पानी भरलंय त्यात,
गटारीच्या आदल्या दिशी."

म्हणजे महिनाभर, सगळे झोपल्यावर,
स्टुलावर चढून, अंधारात चाचपून,
आहे ना जागेवर, अशी खात्री करून
मी नळाच्या पाण्याची राखण करत होतो.
हसू आलं.
मग घशातच राहिलं.

"आणि मी उघडली असती तर?"
तिने भाकरी उलटली, कडेने दाबली.
"तर मला कळलं असतं," म्हणाली,
"आन तुमास्नीबी."

पहाटे चारला पहिली गाडी लागते.
गोणी चढवायच्या आधी
रिकामा काटा शून्यावर आणावा लागतो.
काल आणला होता, हे चालत नाही.
आज तो अडीचशे ग्रॅम जास्त दाखवत होता,
वर काहीच नसताना.

संध्याकाळी जिन्याखालूनच कोथिंबीर घेतली.
जुडी आतून सुकलेली निघाली,
आणि तेवढ्यावरून घरी भांडण काढायचं
पहिलं वाक्य तोंडात तयार झालं,
चांगलं होतं वाक्य, धारदार.
पिशवी डाव्या हातात घेतली.
उजवा अंगठा मुठीत धरून
जिना चढलो.