वजनाची वही

खानापूरच्या बाजारात आमचा काटा टांगलेला असतो,
लोखंडी, शंभर किलोचा, वडिलांच्या वेळचा.
रविवारी काजू येतात, रताळी येतात,
मिरच्यांची पोती.
मासे आता टोपलीत मावतात,
त्यांना पुढच्या दुकानातला बशीएवढा काटा पुरतो.

वहीत मात्र आहे, वडिलांच्या अक्षरात :
खडशी, एक नग. सत्तावीस किलो. सातेरी भोई.
पुढच्या पानावर एकोणीस.
मग चौदा. मग साडेसहा.
मग नुसतंच ‘मासे’, आणि बेरीज.

हे माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि मला वाटलं
बाजार उतरलाय, एवढंच.
वाळूच्या ट्रॅक्टरांनी नदीचा तळ नेला.
ज्या गोट्यांत ती अंडी ठेवायची, ते गोटे
कुणाच्या तरी स्लॅबमध्ये बसलेत.
उरल्या डोहात पोरांनी सुरुंगाची दारू फेकली,
वर तरंगलं ते वेचलं,
तळाला गेलं त्याचं माप कुणाच्याच वहीत नाही.

यंदा वैशाखात भरमाणी आला, सातेरीचा नातू.
“काटा घिऊन चला की ओ. गिऱ्हाईक मोठं हाय.”

मलप्रभा तुटून तिची डबकी झाली होती.
गुडघाभर गढूळ पाण्यात ती
पाठ उघडी टाकून पडलेली,
खवले तळहाताएवढे,
जाड ओठात कुणाचा तरी जुना गळ, गंजलेला.

कुणीतरी सुरी आणली होतीच.
बिडीचा रुद्रगौडा घोंगडं भिजवत होता,
मान वर न करता म्हणाला, “बिड्री अदन्न.”
सोडा तिला.
सुरी पिशवीत परत गेली. का, ते मला कळलं नाही,
तिच्या आकारालाच लाजली असावी.

जांभळाच्या फांदीला काटा टांगला,
ओल्या घोंगड्याची झोळी अडकवली.
सुई तिशीवर गेली, बाविशीवर आली,
पुन्हा पलीकडे.
“धरा तिला,” मी ओरडलो, “जरा थांबू दे!”
गंगव्वानं घागर ओतली झोळीत :
“वजन करूलालास की जीव घिऊलालास?”

चौघे पळाले पुलाखालच्या डोहाकडे.
मी काटा सोडवत मागे राहिलो.
पाण्याचा आवाज तेवढा आला.

रात्री तारीख घातली.
खडशी, एक नग.
पुढचा रकाना मोकळा.

भरमाणी बाजारात भेटला की विचारतो,
“शेवटी किती भरली ओ?”
मी म्हणतो,
भरतेय अजून.