भिंत वाजवून पाहताना

वालपराइसोच्या टेकडीवर, निळ्या पत्र्याच्या घरात
एर्मेलिंदाबाई मला एक खिळा दाखवतात:
"यावर लटकव की. तीस वर्षं घड्याळ होतं इथं."

घड्याळाची गोष्ट वेगळी, बाई.
घड्याळाला शेपटी नसते.
या राउटरला दोन आहेत,
एक विजेची, एक रस्त्यावरून आलेल्या तारेची,
आणि शेपटीला जमिनीची ओढ असते.
एका खिळ्यावर हा झुलेल, कलेल,
आणि आपल्याकडे जमीन कधी अंग झाडेल
हे मी तुम्हाला काय सांगायचं?

त्या हसतात. खिळा मात्र उपटू देत नाहीत.

चुलीच्या वर नको, वाफ.
खिडकीशी नको, समुद्राचं खारं वारं
बिजागऱ्यासुद्धा खातं इथं.
फडताळात कोंडायचा तर अजिबात नाही;
बसून असल्यासारखा दिसतो, पण रात्रंदिवस तापतो हा.
आणि बटणाच्या सरळ रेषेत वर
कधी म्हणजे कधीच भोक पाडायचं नाही,
हे मला उस्ताद बाल्दोमेरोनं शिकवलं.
त्याच्या डाव्या तळहातावर एक पांढरा डाग आहे.
त्याची गोष्ट तो फक्त प्यायल्यावर सांगतो,
दर वेळी थोडे व्होल्ट वाढवून.

मग मी भिंत वाजवतो.
थप्. थप्. मातीची वीट, भुसभुशीत, स्क्रू धरणार नाही.
ढप्. पोकळ.
टक्.
हं. इथं खांब आहे,
एखाद्या मोडीत काढलेल्या जहाजाचा असावा, असा खणखणीत.
लाकूड मिळालं म्हणजे गट्टीचीही गरज नाही.
खात्रीसाठी पुन्हा: टक् टक्.

पलीकडून उत्तर येतं.
टक् टक्.

भिंतीला कान असतात, हे ठाऊक होतं.
या भिंतीला बोटंही होती.

बाईंचे ओठ आवळतात.
"झुनिल्दा. पन्हळीवरून भांडण. नऊ वर्षं झाली."
एवढंच. पन्हळ कुणाची, पाणी कुणाच्या दारात,
मी विचारलं नाही.

पण दुसरं विचारावंच लागलं.
पलीकडे या जागी काही टांगलेलं आहे का?
ड्रिलच्या धक्क्यानं खाली यायला नको.
विचारल्याशिवाय मी यंत्र सुरू करत नाही, बाई,
माझा नियम आहे.

त्या माझ्याकडे बघतात, ड्रिलकडे बघतात,
एप्रनला हात पुसतात, कोरडेच.
मग भिंतीला तोंड लावल्यासारखं करून
एकदम ओरडतात:
"तुझ्याकडं इथं काय आहे गं?"

बराच वेळ काही नाही.
खाली बंदरात एका बोटीनं भोंगा दिला.

"आरसा," आवाज आला. "थांब. काढते."

मी थांबलो. पलीकडे स्टूल सरकलं,
कुणीतरी म्हातारं कण्हलं,
काहीतरी जपून जमिनीवर टेकलं.
"हं. कर आता."

सुतळीला बोल्ट बांधून ओळंबा सोडला,
पेन्सिलीच्या दोन खुणा, एकाखाली एक.
ड्रिलच्या टोकाला लाल टेप, त्यापुढे जायचं नाही.
भोकाखाली पाकीट चिकटवलं, भुसा त्यात पडावा.
स्क्रूची डोकी किंचित बाहेर,
राउटर त्यांवर टेकवून खाली सरकवला: कट्.
बोटानं ओढून पाहिला. हलला नाही.
तारा क्लिपांत बसवल्या, जरा सैल, वळसा ठेवून,
कुणाचा पाय अडकला तर ओढ क्लिपवर यावी, त्याच्यावर नाही.

नारिंगी दिवा. नारिंगी. नारिंगी.
हिरवा.

बाई नुसत्या बघत राहिल्या त्या दिव्याकडे.
मग हळू आवाजात, जणू भिंतीला ऐकू जाऊ नये:
"हे पलीकडे जातं का?"
"जातं. मातीतून जातं, लाकडातून जातं.
आरशाशी मात्र अडतं."

मी पाकीट सोडवलं, शिडी मिटली,
पावती लिहायला मुद्दाम वेळ लावला.
त्या खिळ्यापाशी गेल्या, त्याला उगाच हात लावला,
आणि दोन बोटांनी वाजवलं.

"झुनिल्दा,
आरसा इतक्यात लावू नकोस."