जड युनिट

दर रविवारी मी नऊ घरांचे मीटर वाचते.
हॉलिन रो, बार्न्सली. उताराची डावी बाजू, सम आकड्यांची.
उजवी डेरिल फर्थकडे; तो आधी टपाल वाटायचा,
त्याला कुत्र्यांची नावं पाठ, मला आकडे.

आकडा फोनात भरला
की नकाशावर त्या छपराचा ठिपका रंग बदलतो:
पोपटी, हळदी, विटकरी,
आणि मग तो लाल, ज्याला आम्ही नाव ठेवलेलं नाही.

युनिट म्हणजे युनिट, असं मला वाटायचं.
तसं नसतं. पहाटे तीनचं युनिट हलकं,
समुद्रात पाती फिरताहेत आणि गाव झोपलेलं.
संध्याकाळी सहाचं जड.
सगळ्यांचा चहा एकदम उकळतो,
कुठेतरी गॅस जाळावा लागतो.
आपल्या खोलीत उजेड तोच पडतो.
काजळी धरते दुसऱ्याच कुणाच्या भिंतीला.

चौदा नंबर जानेवारीभर लाल.
रात्रभर करतो तरी काय हा?
कुणी म्हणालं, माळ्यावर गांजा पिकवत असेल, दिव्यांखाली.
माझ्या वहीतही त्या घरापुढे प्रश्नचिन्ह होतं.
खोटं कशाला बोलू.

क्लिफर्ड हेगनं दार उघडलं ते नळीसकट.
नाकातून निघून त्याच्या मागे मागे घरभर फिरणारी नळी,
आणि जिन्याखाली गुडघ्याएवढं यंत्र,
हवा गाळतंय, गाळतंय, थांबत नाही.
तेवीस वर्षं खाणीत होता.
"थोडा कोळसा अजून माझ्यात आहे," म्हणाला,
"तो कुठल्या रकान्यात भरता?"
हसला, मग खोकला,
मग बराच वेळ नुसताच खोकला.
मी मीटरकडे बघत उभी राहिले, आकडा वाचून झाला होता तरी.

अठरा नंबर, एनिड शॉ.
गल्लीतला सगळ्यात हिरवा ठिपका.
नाताळात आम्ही तिला शाबासकीचं कार्ड पाठवलं होतं,
पानांचं चित्र असलेलं.
ते हीटरवर उभं आहे, ओलीनं जरा वाकलेलं.
कोट, टोपी, बोटं उघडी ठेवणारे हातमोजे,
सगळं घालूनच ती मला आत घेते.
आकडा तिनं आधीच पाकिटाच्या पाठीवर टिपून ठेवलेला.

"एकवीस," ती म्हणते.
"मागच्या आठवड्यापेक्षा दोन कमी.
बरोबर ना?"