मतलई

गच्चीवर दोन थर्मामीटर बांधलेत शेजारी शेजारी,
एक कोरडा, एकाच्या टोकाला ओली वात.
दोघांतलं अंतर म्हणजे हवेची तहान.
पुण्याच्या सल्लागारांनी सुचवले होते
ओल्या जाळ्यांचे कूलर, स्वस्त, सातही मजल्यांना.
मी त्यांना इथे आणून उभं केलं.
अंतर तीन अंश, तेही ओढूनताणून.
रत्नागिरीची हवा आधीच पिऊन बसलेली,
हिला अजून पाणी पाजणार कुठे?

पश्चिमेला नुसती काच.
टेंडरमध्ये ‘दर्यादर्शनी’ असा शब्द होता.
चारचं ऊन त्या काचेतून आत शिरायचं
आणि साहेबांबरोबरच सहाला उठायचं;
तोवर तळघरातला चिलर
दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा.
वीजबिलावर सही माझी.

अब्बासमियाँ सोलकर, रात्रपाळीचे.
चाळीस वर्षं मचव्यावर, मग गुडघे गेले.
एका फेब्रुवारीत रात्री दोनला
मी कंप्रेसरपाशी पाना घेऊन बसलेली,
ते जिन्यातूनच म्हणाले,
“भायेर मतलई सुटलीय बाय,
नि तुमी हितं वारा इकत घेताव?”

मतलई.
जमिनीकडून दर्याकडे निघालेला रात्रीचा वारा,
ज्याच्या पाठीवर होड्या पहाटे बाहेर पडतात.
माझ्या चार वर्षांच्या डिग्रीत
हा शब्द एकदाही आला नव्हता.

मग पूर्वेच्या खिडक्यांना जाळ्या बसवल्या,
जिन्याच्या माथ्यावर झरोका फोडला,
रात्री सगळी दारं सताड.
ओहोटीला खाडी उतरावी
तशी दिवसभराची धग
मजल्यामजल्यानं उतरत गेली.
काँक्रीटला सांगावं लागतं सावकाश,
पण एकदा पटलं की ते दुपारपर्यंत विसरत नाही.
सकाळी शिपाई खांबाला पाठ लावून उभा राहिला
आणि तसाच राहिला.
चिलर आता साडेअकराला उठतो,
सरकारी माणसासारखा.

काचेपुढे चिऱ्याची जाळी उभारली, हातभर अंतर सोडून.
दर्या आता चौकोनाचौकोनांतून दिसतो.
एका साहेबांनी नापसंतीचा शेरा मारला,
खुर्ची मात्र खिडकीपाशी सरकवली.

मार्चमध्ये श्रीमती तोडणकरांचा अर्ज:
‘आस्थापना शाखेतील फायलींना धुराचा वास येतो,
तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.’
वास खरा होता.
डोंगरापलीकडे भाजावळ पेटलेली,
कुणाची तरी नाचणीची जमीन
रातोरात आमच्या कपाटांत येऊन बसलेली.
मी उत्तर लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं.
अजून पाठवलेलं नाही.

खोटं कशाला सांगू, मे महिन्यात यातलं काही चालत नाही.
मतलई पडते.
हवा न पिळलेल्या धोतरासारखी अंगावर,
चिलर चोवीस तास,
आणि मी पुन्हा त्या दोन थर्मामीटरांपुढे,
जणू माझ्या बघण्यानं
वातीतलं पाणी लवकर उडेल.

चिलरच्या रजिस्टरात रकाने तीन होते:
तारीख, तापमान, युनिट.
चौथा मी पट्टीनं आखला, वर लिहिलं ‘वारा’.
तो अब्बासमियाँ भरतात, उर्दू शाळेतल्या हातानं,
मराठी अक्षरं थोडी मागे कललेली:

‘३ वाजून १०. हलकी. धूर.’
‘दीड. जोरात. खिडकी नं. ४ आपटते, तेल द्या.’
‘११ लाच सुटली. थंडी वाजली.’

मे महिन्याचं पान.
एकतीस ओळी, प्रत्येक ओळीत एकच शब्द,
तोही त्यांनी ‘वरीलप्रमाणे’ न लिहिता
रोज नव्यानं लिहिलाय:
नाय.
नाय.
नाय.
एकोणतिसाव्या ओळीत फक्त,
‘नाय. पण बगत होतो.’