निरोप

पाटोवरच्या ऑफिसात एसी अठरावर,
आणि काउंटरशी अनंती वेळीप,
केप्यापलीकडून दोन बस बदलून आलेली.
पदराच्या गाठीतून तिनं काढली काट्यावरची चिठ्ठी:
काजूबिया, एकेचाळीस किलो दोनशे.
घामानं शाई फुटलेली, आकडा शाबूत.
पैसे जमा नाहीत.

मी लॉग उघडला.
रांग म्हणाली, दिला की तुझ्या हाती,
सोमवारी, चार वाजून सात मिनिटांनी.
डेटाबेस म्हणाला, माझ्याकडे कोणी आलंच नाही.
दोघंही खरं बोलत होते.
मधे फक्त मी.

चवथीच्या आधी मीच म्हटलं होतं, कंटेनर नको,
माझे व्यवहार माझी मी सांभाळीन,
कुठे सुरू, कुठे कायम, कुठे मागे.
आग्नेल नुसता हसला होता. 'सांभाळ हां, बाय.'

सांभाळलेच.
त्या दुपारी कनेक्शन तुटलं,
मी रीतसर रोलबॅक केलं,
एक्सेप्शन गिळलं, लॉगमध्ये एक ओळ टाकली
आणि शहाण्यासारखी परतले.
परतले, म्हणून पोच गेली.
पोच गेली, म्हणून रांगेनं पाटी पुसली.
सगळं मागे आलं, निरोप तेवढा नाही.
तो माझ्या व्यवहारात कधी नव्हताच,
व्यवहाराचं दार लावण्याआधी
उंबऱ्याबाहेरच मी तो घेतला होता.

निरोप घेणं.
या भाषेत त्याचे दोन अर्थ,
मी दोन्ही एका ओळीत उरकले.

मागे एकदा चोडणची फेरी नदीच्या मध्यात अडखळली,
वळून रायबंदरलाच लागली.
स्कूटर, पावाची टोपली, शाळेची पोरं,
सगळी पुन्हा धक्क्यावर, पुन्हा रांगेत.
शिव्या पडल्या खूप.
हरवलं कुणी नाही.
मी त्याच फेरीत होते, मोबाइल बघत.

संध्याकाळी माझ्या बारा ओळी खोडल्या,
व्यवहार कंटेनरच्या हवाली केला:
आता मोडला तर निरोपासकट मोडेल,
पुन्हा येईल, पाच वेळा येईल,
नाहीच जमलं तर बाजूच्या रांगेत पडून राहील,
पण राहील.

अनंतीची नोंद हातानं घातली.
तिचा फोन वाजला, पैसे आले,
तरी तिनं चिठ्ठी परत मागून घेतली,
घडी केली, गाठ मारली.
'असू दे माझ्यापाशी.'

ती गेल्यावर मी लॉग पुन्हा वर सरकवला.
'चूक झाली, मागे घेतलं.'
तीच ओळ, नाव नाही, वजन नाही,
आणखी तेवीस वेळा.