चौदा नंबर

माझगावच्या गोदामात, जुन्या पंख्याखाली
चौदा नंबरचा ग्लास समोर येतो.
बार्लीवाइन. नाव वाइनचं, कूळ बिअरचं.
चिंचेनं घासायचा राहून गेलेल्या हंड्याचा रंग.
फेस जेमतेम. अकरा टक्क्यांत तो टिकत नाही,
तेवढं माफ.

आधी नाक.
काकवी. खजूर. भाकरीचा करपलेला पापुद्रा.
आणि मागून, अगदी पुसट,
ओला पुठ्ठा.
बाटलीत हवा शिरलीय.
शेजारचा क्रॅस्टो म्हणतो, मला नाही येत.
मला येतो.

अण्णा दारूबंदी खात्यात होते.
माहीमच्या खाडीत धाड पडली की
कॅन हुंगून सांगायचे,
नवसागर किती, गूळ कुठला, भट्टी कधी विझली.
जिभेला थेंब लावला नाही जन्मात.
आई त्यांचा शर्ट वेगळ्या बादलीत टाकायची
आणि मी तो
बादलीतून काढून हुंगायचे.

आता घोट.
गोडी येऊन बसते ती उठायचं नाव घेत नाही.
कडवटपणा उशिरा,
मानपान राहिलेल्या मामासारखा, दारातच उभा.
मग ऊब. छातीत उतरते, जाळत नाही.
दोन वर्षं तरी दम धरलाय पठ्ठ्यानं.
दुसरा घोट गरजेचा नव्हता.
घेतला.

पन्नासपैकी अडतीस.
पुठ्ठ्याचे तीन कापले, ऊब पाहून एक परत दिला.
शेऱ्याच्या रकान्यात हात आपोआप लिहून जातो :
मुद्देमालाचा वास घेऊन
पंचांसमक्ष खात्री केली.

खोडते.
लिहिते : बुचं बदला.

पंधरा येऊ द्या.